पूर्ण नाव?

मराठी माणसाला नाव विचारलं की तो आडनाव सांगतो. फोनवर "कोण बोलतंय?" म्हटलं की पलीकडून "कुलकर्णी" येतं. लग्नात ओळख करून देताना "हे आमचे शिंदे" येतं. पाळण्यात ठेवलेलं नाव घरात हाक मारायला, बाहेर वावरायला आडनाव. त्यामुळे कुणी नुसतंच "मी सचिन" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं आणि ते पुरं करायला तो मदतीला धावतो. "सचिन…?" शेवटचा स्वर जरा लांबवायचा, भुवया किंचित वर, चेहऱ्यावर हसू. इतका सौम्य प्रश्न की त्यातलं प्रश्नचिन्हसुद्धा धड ऐकू येत नाही.

आडनाव मिळालं की काम भागतंच असं नाही. गोखले, जोशी असलं काही असेल तर भागतं. पण जाधव, पवार, मोरे, गायकवाड, चव्हाण ही आडनावं महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये आहेत. मग पुढची पायरी येते. "जाधव म्हणजे कुठले?" गाव कळलं की तालुका, तालुका कळला की "मग तिथले अमुक तमुक तुमच्या पाहुण्यांतले का?" तेवढ्यानंही उलगडा झाला नाही तर कुलदैवत कुठलं, तुमच्याकडे गौरी खड्याच्या की मुखवट्याच्या, श्रावणात चालतं का. यातला एकही प्रश्न जातीचा नाही. कुणी जात विचारली असं शपथेवर सांगता येणार नाही. पाचेक मिनिटांनी मात्र ती कळलेली असते, आणि ती कळली आहे हे दोघांनाही कळलेलं असतं.

बायकांच्या वाट्याला हे दोनदा येतं. सासरचं आडनाव सांगून झालं की "आणि माहेरच्या?" माझं सासरचं आडनाव असं आहे की त्यावरून नेमका पत्ता लागत नाही. माहेरचं सांगितलं की लागतो. आणि मग समोरच्या बाईचे खांदे सैल होतात, ती रेलून बसते, "अगं बाई, मग आपल्यातल्याच की" म्हणते आणि डबा उघडते. हे इतक्यांदा पाहिलंय की उत्तर देताना माझं लक्ष आता तिच्या खांद्यांकडेच असतं. दुसऱ्या कुठल्या आडनावाला हेच खांदे कसे वागत असतील, हे मला त्या डब्यातली चकली खातानाच सुचतं.

समाजशास्त्रात एम.ए. करताना 'सामाजिक आंतरक्रिया', म्हणजे माणसांचं एकमेकांशी वागणं-बोलणं, असं एक प्रकरण आम्हाला होतं. सहकार्य, स्पर्धा, संघर्ष, समायोजन, सात्मीकरण. प्रत्येकाची व्याख्या, वैशिष्ट्यं, एखादं उदाहरण, आणि परीक्षेला हमखास प्रश्न. इतका जिवंत विषय इतका निर्जीव करून मांडायला खास कसब लागत असावं. त्या प्रकरणानं डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं होतं: माणसं आधी असतात, आपापल्या जाती, वर्ग, स्वभाव घेऊन तयार असतात आणि मग ती एकमेकांशी आंतरक्रिया करतात. हे चित्र उलटं करून पाहता येतं, हे कळायला मला गेओर्ग झिमेलपर्यंत जावं लागलं, आणि तो अभ्यासक्रमात जेमतेम दोन ओळींपुरता होता.

झिमेल हा बर्लिनचा समाजशास्त्रज्ञ. समाज ही कुठे उभी असलेली वस्तू नव्हे, माणसांमध्ये जे सतत घडत असतं त्यालाच आपण समाज म्हणतो, हे त्याचं म्हणणं. त्यामुळे इतर विद्वान राज्य, धर्म, भांडवल यांकडे पाहत होते तेव्हा हा गृहस्थ नजरेकडे, जेवणाकडे, गुपितांकडे, दोन माणसांत तिसरं आलं की काय बदलतं याकडे पाहत होता. 1907 साली त्यानं एक साधी गोष्ट नोंदवली: एकोणिसाव्या शतकात घोड्यांच्या बसगाड्या, आगगाड्या, ट्राम आल्या त्याआधी अनोळखी माणसांवर तासन् तास एकमेकांची तोंडं पाहत न बोलता बसायची वेळच कधी आली नव्हती. पुणे-मुंबई गाडीत हे वाक्य आठवलं की मला हसू येतं. न बोलता? झिमेलला आमचे पासधारक भेटले नव्हते.

या झिमेलला बर्लिनमध्ये आयुष्याचा मोठा भाग पक्क्या प्राध्यापकीविना काढावा लागला. 1908 मध्ये हायडेलबर्गच्या जागेसाठी त्याचं नाव निघालं, तेव्हा एका इतिहासकारानं सरकारला पत्र लिहून कळवलं की हा दिसण्यात, वागण्यात आणि विचारांच्या पद्धतीत पुरता ज्यू आहे. जागा मिळाली नाही. पूर्ण प्राध्यापक तो झाला 1914 मध्ये, स्ट्रासबुर्गला, आणि 1918 मध्ये गेला. नजरेवर इतकं बारकाईनं लिहिणाऱ्याकडे लोक कसे पाहत होते, हे त्या पत्रात आहे.

पण न विचारता जात कशी काढली जाते, या माझ्या प्रश्नाची खरी किल्ली मला दुसरीकडे सापडली, तीही टेलिफोनच्या संभाषणांत. हार्वे सॅक्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ 1963-64 च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आत्महत्या प्रतिबंध केंद्रात काम करत होता. मानसिक त्रासात असलेली माणसं तातडीच्या सेवेला फोन करत, ते फोन ध्वनिमुद्रित होत. फोन घेणाऱ्यांची एक अडचण होती. फोन करणाऱ्याचं नाव हवं असायचं, पण सरळ "तुमचं नाव काय?" विचारलं तर तो "का?" म्हणू शकत होता आणि मग कारण द्यावं लागत होतं. त्याऐवजी "मी मिस्टर स्मिथ बोलतोय, काय मदत करू?" अशी सुरुवात केली तर बहुतेक जण आपण होऊन आपलं नाव सांगत. म्हणजे न विचारता नाव मिळत होतं.

एका फोनमध्ये मात्र स्मिथनं असं म्हटल्यावर पलीकडचा म्हणाला, "ऐकू येत नाहीये." स्मिथनं नाव परत सांगितलं. पलीकडच्यानं "स्मिथ" असं उच्चारून खात्री करून घेतली. आणि एवढ्यात नाव सांगण्याची वेळ निघून गेली. सॅक्स या फोनपाशी अडून बसला. त्या माणसाला खरंच ऐकू आलं नव्हतं का, हा त्याचा प्रश्नच नव्हता. बोलण्यात एक जागा तयार झाली होती, जिथे नाव यायला हवं होतं, आणि "ऐकू येत नाहीये" या तीन शब्दांनी ती जागा दुसऱ्याच गोष्टीनं भरली. नकार दिला नाही, उद्धटपणा केला नाही, आणि नावही दिलं नाही. 1964 पासून त्यानं जी व्याख्यानं दिली, त्यांतल्या पहिल्याच व्याख्यानात हा फोन आहे. त्यातून संभाषणाचं विश्लेषण करणारी एक आख्खी शाखा उभी राहिली. 1974 मध्ये इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांच्याबरोबर त्यानं बोलण्याच्या पाळ्या कशा ठरतात यावर निबंध लिहिला, आणि पुढच्याच वर्षी, चाळिशीत, मोटार अपघातात तो गेला.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या सकाळच्या गाडीतला एक मुलगा आठवला.

लोणावळा मागे पडलेलं. समोरच्या बाकावर खिडकीशी एक निवृत्त काका, त्यांच्या शेजारी बाविशी-तेविशीतला मुलगा, मांडीवर लॅपटॉपची बॅग, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून पाठ न टेकता बसलेला.

"दादर का?"

"नाही, ठाणे. इंटरव्ह्यू आहे."

"वा वा. नाव काय म्हणालास?"

तो काहीच म्हणाला नव्हता. पण "काय म्हणालास" म्हटलं की सांगणं आधीच झालेलं असतं, फक्त पुन्हा सांगायचं उरतं. काका या कलेत मुरलेले होते.

"अनिकेत."

"अनिकेत…?"

"अनिकेत सुनील."

हे 'सुनील' किंचित उशिरा आलं. किती उशिरा म्हणाल तर डोळ्याचं पातं लवायला लागतं तेवढंच. 2009 साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जपानी होती, डॅनिश होती, लाओ होती, आपली भारतीय एकही नव्हती. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरीनं सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं निघालं. इतक्या घाईत माणसं बोलतात, म्हणून त्याहून जरा जास्त वेळ गेला की ऐकणाऱ्याला ते जाणवतं. काकांना जाणवलं.

"हो, पण पूर्ण?"

तेवढ्यात बोगदा आला. गाडीचा आवाज दुप्पट झाला. मुलानं कानाशी हात नेला, "काय?" काकांनी परत विचारलं. "काय म्हणालात?" बोगदा संपला, उजेड आला, आणि मुलगा म्हणाला, "काका, कर्जतला वडा घ्यायचा का?"

"घेऊ की," काका म्हणाले. वडा घेतला, पैसे मुलानं दिले, काकांनी नको-नको केलं. मग ओठ पुसत काकांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मघाचं 'तू' कुठे गेलं? आता प्रश्न मुलाला नव्हता, त्याच्या आख्ख्या घराण्याला होता.

"पुणेच. आजोबांपासून."

"असं होय," म्हणून काका खिडकीबाहेर पाहू लागले. थोड्या वेळानं त्यांनी आपण होऊन स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मूळ गाव, तिथला वाडा आणि वाड्याची वाटणी हे सगळं सांगितलं. मुलानं काही विचारलं नव्हतं. मिस्टर स्मिथची युक्ती शेवटी त्यांनीही करून पाहिली. मुलगा "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला, आणि ठाण्याला उतरताना त्यांच्या पाया पडून गेला. तो कोण होता हे मला आजही माहीत नाही. कदाचित त्याला आडनाव आवडत नसेल, एवढंच. आडनाव टाकून आईवडिलांची नावं लावणारी मंडळी पुरोगामी चळवळींत बरीच दिसतात. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदावर तर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रमच राज्य सरकारनं ठरवून दिलाय. आडनाव गेलं नाही, एक खुर्ची मागे सरकलं.

काका वाईट होते असं मला अजिबात म्हणायचं नाही. मुलाच्या इंटरव्ह्यूची त्यांना खरंच काळजी होती, त्यांनी त्याला दोन चांगल्या सूचनाही दिल्या. मला अडकवून ठेवते ती नेमकी हीच गोष्ट. सगळे सज्जन, सगळे हसतमुख, आणि तरी काहीतरी नीट चालू राहतं.

या प्रकारचं सर्वांत लख्ख वर्णन मी समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलेलं नाही. ते डॉ. आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आठवणींत आहे. 1901 चा सुमार. भीमराव नऊ वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलाव खोदायचा होता तिथे, कॅशियर होते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांनी त्यांच्याकडे जायचं ठरलं. भीमराव, थोरला भाऊ, बहिणीची मुलं, सगळे साताऱ्याहून आगगाडीनं मसूरला उतरले. नवे शर्ट, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. वडिलांना धाडलेलं पत्र त्यांच्या हातात पडलंच नव्हतं, त्यामुळे न्यायला कुणी आलं नाही. गाडी गेली, फलाट रिकामा झाला. स्टेशनमास्तर जवळ आला, चौकशी केली. पोरं नीटनेटकी, बोलणं शुद्ध. ही ब्राह्मणाची मुलं अशी त्याची खात्री झाली आणि त्यांची अवस्था पाहून त्याला वाईटही वाटलं. मग त्यानं विचारलं, तुम्ही कोण? भीमरावांनी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार.

आंबेडकर लिहितात की त्याचा चेहरा एकदम बदलला. तो एक शब्द न बोलता आपल्या खोलीत निघून गेला. मुलं होती तिथेच उभी.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. अर्ध्या तासानं तो परत आला. मुलांना हाकलून द्यायला नव्हे, आता काय करणार हे विचारायला. बैलगाडी करून द्यायची तर एकही गाडीवाला तयार होईना, कारण मुलांचं उत्तर तोवर सगळ्यांपर्यंत पोचलं होतं. दुप्पट भाडं देऊ केलं तरी नाही. तेव्हा तोडगा काढला तो स्टेशनमास्तरनंच: तुम्हाला गाडी हाकता येते का? मुलं हो म्हणाली. मग गाडीवाला राजी झाला. मुलांनी गाडीत बसून हाकायची, गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं, भाडं दुप्पट. विटाळ झाला नाही, मुलं मार्गी लागली, गाडीवाल्याला पैसे मिळाले, मास्तरच्या मनाचं समाधान झालं. कुणी शिवी दिली नाही, कुणी हात उगारला नाही. सगळ्यांनी मिळून अडचण सोडवली आणि नियमाला केसाइतकाही धक्का लागू दिला नाही.

नियमाचा पहारेकरी मला नेहमी कुणी दुष्ट माणूसच वाटायचा. इथे तो कळवळ्याचा माणूस आहे. गाडीवाले अडून राहिले असते तर नियम उघडा पडला असता. मास्तरच्या कळवळ्यानं तो झाकून दिला.

त्या रात्री मुलांकडे अन्न होतं, पाणी नव्हतं. गाडीवाल्यानं सुचवलं, टोलनाक्यावर मुसलमान आहोत म्हणून सांगा, बघा मिळालं तर. भीमराव गेले, अस्खलित उर्दूत पाणी मागितलं. टोलवाल्यानं तुम्ही कोण विचारलं, यांनी मुसलमान सांगितलं. पाणी काही मिळालं नाही. तुमच्यासाठी इथे पाणी कुणी भरून ठेवलंय, असं त्यानं सुनावलं. एका दिवसात तोच प्रश्न दोनदा. एकदा खरं उत्तर, एकदा खोटं.

पुढे कोलंबिया आणि लंडन करून आलेल्या माणसाला 1917 मध्ये बडोद्यात तोच प्रश्न पुन्हा गाठतो. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत, रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून, ते राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. पहिला सवाल: तू कोण आहेस?

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 1963 मध्ये कलंकाविषयी पुस्तक लिहिलं, त्यात तो दोन स्थितींत फरक करतो. एकाचा कलंक समोरच्याला दिसतोय, दुसऱ्याचा अजून कळलेला नाही. दुसऱ्याला सतत एकच हिशेब करावा लागतो: सांगायचं की नाही, कुणाला, केव्हा, आणि आत्ता यांना किती कळलंय. हा हिशेब करायला लागतो एकालाच. समोरच्याला आपण काही हिशेब करतोय हे जाणवतही नाही.

त्याच गॉफमनचं मला आवडतं ते निरीक्षण शेटलंड बेटांवरचं. तो कॅनडाचा, शिकला शिकागोला, पण पीएच.डी.साठी 1949 मध्ये जाऊन राहिला स्कॉटलंडच्या उत्तरेला, अन्स्ट नावाच्या बेटावर. तिथली शेतकऱ्याची बायको पाहुण्याला स्थानिक पदार्थ वाढते. पाहुणा "छान झालंय" म्हणतो, ती हसून ऐकते, पण तिची नजर चमच्यावर असते. चमचा तोंडाकडे किती वेगानं जातोय, घास किती आनंदानं चावला जातोय. तोंड काय बोलतंय ते एक, अंगातून काय निसटतंय ते दुसरं. आपल्याकडे हा चमचा म्हणजे पाण्याचा पेला. घरी आलेल्या माणसानं "पाणी?" म्हटल्यावर "नको, आत्ताच प्यायलो" म्हणणं कधी साधं असतं, कधी नसतं. ते कुठलं हे दारातली बाई अचूक ओळखते. दलित घरांतल्या बायकांना ही नजर लहानपणीच येते, हे मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं. तिच्या आईनं म्हणे कधी कुणाला चहाचा आग्रह केला नाही. कप पुढे ठेवायची आणि आत जायची. माणूस एकटा असला की घेतो की नाही ते जास्त खरं, असं तिचं म्हणणं.

मॅकिम मॅरियट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानं 1959 मध्ये जातींच्या उतरंडीची दोन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवली. एक म्हणजे प्रत्येक जातीच्या अंगी काही गुणधर्म असतात, अमुक धंदा शुद्ध, तमुक अशुद्ध, त्यावरून दर्जा ठरतो. दुसरं म्हणजे कोण कुणाच्या हातचं अन्न-पाणी घेतं आणि कोण घेत नाही, या देवघेवीतूनच दर्जा तयार होतो. अलीगढ जिल्ह्यातल्या एका गावात राहून त्यानं केलेल्या कामावरून त्याचा कौल दुसऱ्या बाजूला होता. मला तो पटतो, पण पुरता नाही. मसूरचा गाडीवाला नुसत्या देवघेवीतून बनलेला नव्हता. जमीन कुणाच्या नावावर, वतन कुणाचं, विहीर कुणाच्या शेतात, हे कुठल्याही हावभावाआधी ठरलेलं होतं. सातबाऱ्यावरही पूर्ण नावच असतं. आंतरक्रियेचे अभ्यासक हे विसरतात असा आरोप त्यांच्यावर नेहमी होतो, आणि तो बऱ्याचदा खरा असतो. मात्र जमिनीचे अभ्यासक गाडीवाल्याचं ते चालणं विसरतात, तेही खरं.

आता काकांकडे. त्या मुलानं बोगद्याची वाट न पाहता सरळ विचारलं असतं, "काका, पूर्ण नाव कशाला हवंय?" तर?

हॅरॉल्ड गार्फिंकेल हा समाजशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमध्ये विद्यार्थ्यांना असलेच उद्योग करायला लावत असे. घरी जा आणि पाव तास ते तासभर घरात भाडेकरूसारखं वागा: परवानगी विचारा, आईला "बाई" म्हणा, विचारल्याशिवाय बोलू नका. घरचे चक्रावले, चिडले. बरं वाटत नाही का, डोकं फिरलंय का, हा काय आगाऊपणा, असे प्रश्न आले. नियम कुणी कधी सांगितलेला नव्हता, पण तो मोडला की जाब विचारला जात होता, आणि जाब द्यायचा होता मोडणाऱ्यानं.

काकांचं उत्तर मला तोंडपाठ आहे, कारण ते सगळ्यांचंच आहे. "अरे, सहज विचारलं!" आणि त्या क्षणी डब्यातले सगळे मुलाकडे वळून पाहणार. काका निरागस, मुलगा तिरसट. सॅक्सच्या फोनवाल्यांना सरळ प्रश्नाची भीती होती, कारण त्याला "का?" विचारता येतं. आपला लांबवलेला स्वर ती सोयच ठेवत नाही. जे विचारलंच नाही त्याला "का?" कसं विचारणार?

सगळीकडे खांदे, पेले आणि स्वर दिसतातच असं नाही. समोरासमोर गाठ पडण्याआधीही आंतरक्रिया सुरू होते. अमरावती जिल्ह्यातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी हजारो अर्ज पाठवले. शिक्षण-अनुभव सारखा, फरक फक्त नावाचा: उच्चजातीय हिंदू, दलित, मुस्लिम. मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाली. हे अर्ज बघणारे कुणी काठ्या घेऊन बसले नव्हते. बरेचसे काकांसारखे असतील. सहज पान उलटलं असेल.

नावच विचारायचं नाही असं एक ठिकाण आपल्याकडे आहे म्हणतात. वारीत सगळे माउली. पोलीस माउली, टँकरवाला माउली, पाय दाबून देणारा माउली, रांगेत घुसणाराही माउली. हे खोटं नाही. चार मुक्काम चाललं तरी कानाला फरक कळतो. पण इरावतीबाई कर्वे दिंडीबरोबर चालल्या आणि नंतर त्यांनी जे लिहिलं, त्यात ही गोष्ट सुटलेली नाही: एकाच दिंडीत चालणारी ब्राह्मण आणि मराठा मंडळी अभंगाला एकत्र, जेवायला वेगळी. इरावतीबाईंना ते खुपलं. चालता-चालता नाव पुसता येतं, चूल मांडली की ते परत लागतं.

गेल्या वर्षी माझी भाची इंजिनिअरिंगला गेली. हॉस्टेलला पहिल्या आठवड्यात कुणी आडनाव विचारत नाही म्हणे, ते जुनं झालं. सगळ्या पहिल्या नावानं, नाहीतर इन्स्टावरच्या नावानं. मी खूश झाले. मग तिनं सांगितलं की त्याऐवजी "सीईटी किती?" विचारतात, आणि पर्सेंटाइल कॉलेजच्या कटऑफशी जुळला नाही की "कॅटेगरी?"

"तुला कुणी विचारलं?"

"रूममेटनं. मी तिलाच विचारलं, तुझी?"

"मग?"

"ओपन म्हणाली. पटकन. मी म्हटलं, ओपन म्हणजे कुठली?"

मी हातातलं काम ठेवलं. "काय म्हणाली?"

"'अगं ओपन म्हणजे ओपन!' मी म्हटलं, हो, पण पूर्ण? तर चिडलीच. म्हणे, असं काय विचारतेस? मी म्हटलं, सहज."

"आणि?"

"आणि काय, दोन दिवस बोलली नाही. मग चार्जर मागायला आली."